नमुना ८ वरून वडिलांचे नाव गेले. जुने दप्तर कसे मिळवायचे?

प्रश्न: ताई, मी मूळचा सातारा जिल्ह्यातला, नोकरीमुळे पुण्यात राहतो. वडील २०११ मध्ये वारले. गावठाणात आमचे घर आणि शेजारची बखळ आहे. घरपट्टीचे पैसे मी दरवर्षी चुलतभावाकडे पाठवतो आणि तो भरतो. गेल्या दिवाळीत उतारा काढला, तर नमुना ८ वर वडिलांच्या जागी एकट्या चुलतभावाचे नाव. ग्रामपंचायतीत गेलो. तिथे सांगितले की तुम्ही इथले मतदार नाही, जुने रजिस्टर पावसात भिजले, आणि दुसऱ्याच्या मिळकतीची माहिती खासगी असल्यामुळे माहिती अधिकारातही मिळणार नाही. मी काय करू?

उत्तर: तुमचे पत्र वाचून आधी एका गोष्टीबद्दल तुम्हाला निश्चिंत करते. नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. कोणत्या घराला किती कर लावायचा आणि तो कोणाकडून घ्यायचा, एवढ्यासाठी ती ठेवलेली असते. तिच्यात नाव लागल्याने कोणी मालक होत नाही आणि नाव गेल्याने कोणाचा वारसाहक्क बुडत नाही. महसुली फेरफाराबद्दलही, म्हणजे जमिनीच्या दप्तरातल्या नाव बदलाच्या नोंदीबद्दलही, सर्वोच्च न्यायालयाने हे वारंवार सांगितले आहे. तुमचे घर तुमच्या हातून गेलेले नाही. पण ही नोंद तशीच राहिली तर पुढे त्रास होईल. कसा, ते शेवटी सांगते. म्हणून ती कोणत्या कागदावर बदलली हे आता शोधायलाच हवे.

तुम्हाला दिलेली तिन्ही उत्तरे कायद्यात टिकत नाहीत.

मतदार असण्याचा इथे काहीच संबंध नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ३ ने हा अधिकार ‘सर्व नागरिकांना’ दिला आहे. तुम्ही पुण्यात राहा नाहीतर नागपुरात, ग्रामपंचायतीला तुमचा अर्ज घ्यावाच लागतो. माहिती कशासाठी हवी हेसुद्धा सांगावे लागत नाही, कलम ६(२) मध्ये तसे स्पष्ट लिहिले आहे. कोणी विचारलेच तर नम्रपणे तेवढे कलम दाखवा, घरातली भांडणे तिथे उघडी करू नका.

‘खासगी माहिती’ हा मुद्दा मात्र नीट समजून घ्या, कारण इथे कायदा बदलला आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये झालेल्या अधिनियमाने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि ती दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. आधीच्या कलमात वैयक्तिक माहिती नाकारताना सार्वजनिक कामाशी तिचा संबंध आहे का, हे पाहावे लागे. आता कलमात नुसते ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उरले आहे. मला हा बदल चुकीचा वाटतो. गावपातळीवर नकार देणे त्याने फार सोपे केले आहे. तरीही तुमचा रस्ता बंद झालेला नाही. कलम ८(२) शाबूत आहे, त्यामुळे जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. कलम १० सुद्धा शाबूत आहे, म्हणजे नाकारण्यासारखा भाग झाकून बाकीचा द्यावा लागतो. शिवाय तुम्ही मागताय ती नोंद तुमच्या स्वतःच्या वडिलांच्या मिळकतीची आणि सभेत झालेल्या ठरावाची आहे. म्हणून अर्जातच लिहा की आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक झाकून प्रती द्याव्यात. नकाराची सबब तिथेच कमी होते.

आता भिजलेल्या रजिस्टरबद्दल. माझ्याकडे येणाऱ्या दर तीन-चार पक्षकारांपैकी एकाला कुठल्या ना कुठल्या कार्यालयाने हे सांगितलेले असते. कधी भिजले, कधी वाळवी लागली, कधी आधीच्या माणसाने चार्ज दिला नाही. ‘सापडत नाही’ हे माहिती नाकारण्याचे कारण कलम ८ मध्ये कुठेही नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितले आहे की, दप्तर एकेकाळी होते आणि आता मिळत नाही असे उत्तर आले तर कसून शोध घ्यायला हवा आणि जबाबदारीही ठरवायला हवी. आपल्याकडे तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ आहे. ठरलेली पद्धत सोडून सार्वजनिक अभिलेख नष्ट केले तर त्यात ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. रजिस्टर खरोखर भिजले असेल तर त्याचा पंचनामा असेल, पंचायत समितीला कळवल्याचे पत्र असेल. ते कागद मागा. भिजल्याचे तोंडी सांगणारा माणूस तेच सही करून लिहून द्यायची वेळ आली की बहुधा रजिस्टर पुन्हा एकदा शोधतो.

तुमच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट ही की ग्रामपंचायतीत एक नोंद एकाच जागी कधी नसते. नमुना ८ वरून दरवर्षी नमुना ९, म्हणजे कर मागणी नोंदवही, तयार होते. कर भरला की नमुना १० ची पावती फाटते आणि तिची स्थळप्रत पुस्तकात राहते. नाव बदलण्यासाठी कोणीतरी अर्ज दिलेला असतो, त्याला वारसाचे किंवा संमतीचे कागद जोडलेले असतात, आणि मासिक सभेच्या प्रोसिडिंग बुकात ठराव असतो. ग्रामसेवकाची बदली होते तेव्हा जाणारा येणाऱ्याला दप्तराची चार्ज यादी करून देतो. या यादीकडे लोकांचे लक्ष जात नाही, पण ती मिळाली की कोणत्या सालापर्यंत कोणते रजिस्टर कपाटात होते हे ग्रामपंचायतीच्याच सहीने सिद्ध होते. नमुना ९ मध्ये वडिलांचे नाव ज्या वर्षापर्यंत दिसते आणि ज्या वर्षी गायब होते, त्या दोन वर्षांच्या मधल्या मासिक सभा तपासल्या की ठराव हाती लागतो. ठराव नसेल, तर तेच तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचे.

अर्जात लोक हमखास एक चूक करतात. ‘माझ्या वडिलांचे नाव का काढले? कोणाच्या सांगण्यावरून काढले? दोषींवर काय कारवाई करणार?’ असे लिहितात. जन माहिती अधिकाऱ्याकडे, म्हणजे माहिती अर्जाला उत्तर देणाऱ्या ग्रामसेवकाकडे, जो कागद आहे तेवढाच तो देणे लागतो. कारणे तयार करून देणे किंवा मत देणे हे त्याचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केले आहे. ‘का’ विचारलेत की उत्तर येते, ‘प्रश्नार्थक माहिती देता येत नाही’, आणि महिना वाया जातो. म्हणून कागदाचे नाव घेऊन कागद मागा. आणखी एक अडचण अशी की महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. तुमच्यासाठी मजकूर देते. तो जोडपत्र ‘अ’ मध्ये, म्हणजे माहिती अर्जाच्या ठरलेल्या नमुन्यात, भरा:

‘मौजे (गावाचे नाव) येथील मिळकत क्रमांक (जुना व नवा) संबंधी पुढील अभिलेखांची प्रथम पाहणी करू द्यावी व मी खूण केलेल्या पानांच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. (१) सन २००९-१० पासून आजपर्यंतचे नमुना ८ मधील सर्व उतारे. (२) त्याच काळातील नमुना ९ मधील नोंदी व नमुना १० च्या स्थळप्रती. (३) या मिळकतीवरील नाव बदलण्यासाठी आलेला अर्ज, जोडलेली कागदपत्रे, दिलेल्या नोटिसा व मंजुरीचा मासिक सभेचा ठराव. (४) सन २००९ पासून ग्रामसेवकांच्या बदलीच्या वेळच्या दप्तराच्या चार्ज याद्या. (५) यापैकी एखादा अभिलेख नष्ट वा गहाळ असल्यास त्याचा पंचनामा व वरिष्ठांना कळवल्याचे पत्र. आधार व मोबाइल क्रमांक झाकून प्रती द्याव्यात.’

यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. पत्ता: जन माहिती अधिकारी तथा ग्रामसेवक (आता पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी), ग्रामपंचायतीचे नाव, तालुका. हातोहात दिलात तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. ‘ठेवून जा, नंतर देतो’ हे मान्य करू नका. पुण्याहून पाठवणार असाल तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. पुढचे सगळे दिवस त्याच तारखेपासून मोजायचे आहेत.

पाहणी मी मुद्दाम आधी लिहिली आहे. प्रती मागितल्या की देणारा निवडून देतो, पाहणीत तुम्ही स्वतः पाने उलटता. पहिला तास फुकट, नंतर दर १५ मिनिटांना ५ रुपये. जाताना गावातले जाणते कोणी बरोबर न्या, कारण जुन्या रजिस्टरमधली नावे आणि खुणा त्यांना चटकन कळतात. पाहताना फक्त शिसपेन्सिल वापरू देतात, पेन बाहेर ठेवावे लागते. प्रत्येक नोंदीचा पान क्रमांक, खाडाखोड, वेगळ्या शाईतले अक्षर वहीत टिपून घ्या. नंतर तेवढ्याच पानांच्या प्रती मागा. ए-४ पानाला २ रुपये पडतात. प्रतींचे पैसे भरा असे पत्र आले की त्याच दिवशी भरा, कारण पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरत नाहीत. प्रतीवर ‘साक्षांकित’ शिक्का हवाच, कोर्टात सार्वजनिक दस्तऐवजाची तीच प्रत चालते.

३० दिवसांत उत्तर यायला हवे. नाही आले तर कलम ७(२) प्रमाणे तो नकारच समजतात, आणि कलम ७(६) प्रमाणे पुढे माहिती फुकट द्यावी लागते. मग गप्प बसू नका. ही मुदत संपल्यापासून पुढच्या ३० दिवसांच्या आत २० रुपयांचा स्टॅम्प लावून जोडपत्र ‘ब’ मध्ये पहिले अपील करा. ग्रामपंचायतीसाठी प्रथम अपिलीय अधिकारी पंचायत समितीत बसतात. बहुधा ते विस्तार अधिकारी (पंचायत) असतात, काही ठिकाणी गटविकास अधिकारी. नाव आणि पद ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिलेले असायला हवे, आणि लेखी नकार दिला तर त्यातही सांगावे लागते. सुनावणीला स्वतः जा. माझा अनुभव असा की गावातल्या दप्तराची निम्मीअधिक प्रकरणे इथेच मिटतात. माहिती नाकारणे योग्य होते हे सिद्ध करायची जबाबदारी कलम १९(५) प्रमाणे अधिकाऱ्यावर आहे, तुमच्यावर नाही, हे तिथे शांतपणे सांगा.

तिथेही काम झाले नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करायचे. सातारा जिल्हा पुणे खंडपीठाकडे येतो, म्हणजे तुम्हाला जवळच पडेल. आयोग दर दिवशी २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड करू शकतो, पण तारीख मिळायला बराच काळ जातो. दुसरे अपील जरूर करा, मात्र त्याच्या निकालाची वाट पाहत बाकीची कामे अडवू नका.

त्या बाकीच्या कामांपैकी एक तातडीचे आहे. २०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि सनद दिली जात आहे. त्या चौकशीत धारकाचे नाव ठरवताना ग्रामपंचायतीचा नमुना ८ समोर ठेवतात. तुमच्या गावची चौकशी अजून व्हायची असेल, तर आज जे नाव करापुरते आहे ते उद्या मिळकत पत्रिकेवर जाऊन बसेल आणि ते काढायला मग फार झगडावे लागेल. म्हणून माहिती अर्जाची वाट न पाहता या आठवड्यातच तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे लेखी हरकत द्या. वडिलांचा मृत्यूचा दाखला, तुमच्याकडच्या घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिल आणि चुलतभावाला पाठवलेल्या पैशांचे बँकेचे उतारे जोडा. तेच कागद लावून ग्रामपंचायतीलाही एक हरकत अर्ज द्या आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा.

चुलतभावाचे तुम्ही एका ओळीत लिहिलेत, पण पत्राचा सगळा भार तिथेच आहे हे मला जाणवले. त्याच्याशी बोला. कदाचित ‘घरपट्टी मी भरतो, म्हणून माझे नाव लावा’ एवढेच त्याने सांगितले असेल. गावात असे सर्रास होते आणि त्यामागे कपट असतेच असे नाही. मात्र बोलण्याआधी अर्ज आणि हरकत दोन्ही दाखल झालेल्या असू द्या. त्याने नाव दुरुस्तीला लेखी संमती दिली तर मासिक सभेत दोन्ही शाखांची नावे लागतील आणि कोर्टाची पायरी चढावी लागणार नाही. त्याने तुमचा हक्कच नाकारला, तर त्या तारखेची नोंद ठेवा. हक्काची घोषणा मागणाऱ्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. ती केव्हापासून मोजायची यावर पुढे वाद होतो, म्हणून गेल्या दिवाळीत उतारा मिळाला तोच दिवस धरून चाला आणि त्यापासूनची मुदत संपण्याआधीच साक्षांकित प्रतींसह तालुक्यातल्या दिवाणी वकिलांकडे पोचा.