रोज लोकलने न्यायचा छोटा लॅपटॉप, बजेट ४५ हजार, काम टॅली-एक्सेलचं: कुठला घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की रोज कल्याण ते फोर्ट ये-जा, अकाउंट्सचं काम, टॅली, एक्सेल, जीएसटी रिटर्न, रात्री ऑनलाइन क्लास, बजेट जास्तीत जास्त ४५ हजार, आणि दुकानदार १५.६ इंची आय५ गळ्यात मारायला बघतोय. मी ठाण्यात एका छोट्या अकाउंटिंग ऑफिसचे कॉम्प्युटर सांभाळतो, आमची बरीच मुलं क्लायंटकडे लॅपटॉप घेऊन लोकलनेच फिरतात, त्यामुळे तुमची अडचण चांगली माहितीये.

पहिलं म्हणजे तो १५.६ इंची घेऊ नका. त्याचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास, वर चार्जरची वीट, डबा, पाण्याची बाटली, पावसाळ्यात छत्री, म्हणजे खांद्याला रोजची शिक्षा. पण खरं सांगायचं तर वजनापेक्षा मोठा प्रश्न गर्दीतल्या दाबाचा आहे. आपण बॅग पुढे छातीशी घेतो, दादर-ठाण्याला मागून रेटा आला की सगळा भार थेट लॅपटॉपच्या झाकणावर येतो, आणि स्वस्त मोठ्या लॅपटॉपचं प्लास्टिकचं झाकण मधे वाकतं. आमच्या ऑफिसमधल्या एका मुलीने क्लायंटकडे पोचून लॅपटॉप उघडला तर स्क्रीनच्या कोपऱ्यातून शाई सांडावी तसा काळा डाग पसरलेला, कुठे पडला नाही, आपटला नाही, नुसता दाब. आणि असा डाग वॉरंटीत बसत नाही, फिजिकल डॅमेज म्हणून नवीन स्क्रीनचे पैसे आपल्यालाच भरावे लागतात. म्हणून दुकानात गेलात की झाकण मागून मधोमध अंगठ्याने हलकं दाबून बघा, किती लवतंय ते लगेच कळतं.

साइझ १३.३ किंवा १४ इंच, त्यातही तुमच्यासाठी १४. बारा साडेबारा इंची थिंकपॅड एक्स२८० सारखे दिसायला फार गोड असतात, पण दिवसभर एक्सेलच्या लायनी बघून डोळे दुखतील. स्क्रीन फुल एचडीच हवी, १३६६ बाय ७६८ वाली कितीही स्वस्त मिळाली तरी नको. हल्लीच्या बऱ्याच नव्या १४ इंची मॉडेलना १९२० बाय १२०० ची थोडी उंच स्क्रीन येते, तिच्यात एक्सेलच्या चार-पाच ओळी जास्त दिसतात, खात्यांचं लेजर तपासताना याचं सुख वेगळंच. ब्राइटनेस २५० निट्स लिहिला असेल तर खिडकीजवळ बसल्यावर त्रास होतो, ३०० किंवा वर बघा.

आता अकाउंट्सवाले १५.६ का घेतात तर नमपॅडसाठी, म्हणजे कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या बटणांसाठी. १४ इंचीत तो बहुतेक नसतोच. यावर साधा उपाय, यूएसबीचा सुटा नमपॅड काही शे रुपयांत मिळतो, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. तेवढ्यासाठी रोज मोठं धूड वाहायचं कारण नाही.

पोर्ट मात्र नीट मोजून घ्या. डीएससीचा, म्हणजे डिजिटल सहीचा, टोकन बहुतेक साध्या चौकोनी यूएसबीचा असतो, आणि फार स्लिम लॅपटॉपना फक्त टाइप-सी असतं, मग रिटर्नच्या शेवटच्या तारखेला अडॅप्टर घरी राहिला की काय होतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. दोन साधे यूएसबी आणि चार्जिंग होणारा एक टाइप-सी असं असेल तर उत्तम. टाइप-सी चार्जिंगचा फायदा असा की एकाच ६५ वॉटच्या चार्जरवर फोन आणि लॅपटॉप दोन्ही भागतात. फक्त चार्जरवर पीडी (पॉवर डिलिव्हरी) लिहिलेलं बघा, कारण काही मोबाईल कंपन्यांचे फास्ट चार्जर आपल्याच फोनला पूर्ण वॉट देतात आणि लॅपटॉपला फार कमी.

मॅकबुक एअर एम१ वापरलेला बजेटच्या जवळपास मिळतो, मशीन सुंदर आहे, सव्वा किलोच्या थोडं वर, पंखा नाही, बॅटरी दमदार, पण टॅली विंडोजवर चालतं, त्यामुळे तुमच्यासाठी बाद. क्रोमबुकही त्याच कारणाने बाद. स्नॅपड्रॅगनवाले विंडोज लॅपटॉप बॅटरीला छान आहेत, पण त्यांचा प्रोसेसर एआरएम नावाच्या वेगळ्या जातीचा, त्यांना ड्रायव्हर खास एआरएमचेच लागतात, तुमच्या टोकनचा तसा ड्रायव्हर आहे की नाही हे आधी विचारल्याशिवाय तिकडे वळू नका.

प्रोसेसरबद्दल दुकानदार सगळ्यात जास्त बोलतो आणि तुमच्या कामाला तोच सगळ्यात कमी महत्त्वाचा. टॅली आणि एक्सेलला अलीकडचा आय३ सुद्धा पुरतो. फक्त नावाला भुलू नका. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, ऐकायला एकसारखे, पण पहिला चार कोरचा आणि आतून झेन २ म्हणजे जुनी रचना, दुसरा सहा कोरचा झेन ३. या ७००० च्या सिरीजमध्ये तिसरा आकडा बघायचा, २ असेल तर झेन २, ३ असेल तर झेन ३, ४ असेल तर झेन ४. बॉक्सवर दोन्हीकडे मोठ्या अक्षरात रायझन ५ च लिहिलेलं असतं.

रॅम १६ जीबी घ्या. झूम, क्रोमचे पंधरा टॅब, टॅली आणि एक्सेल एकत्र उघडलं की ८ जीबी घायकुतीला येते. आधी मी सांगायचो की ८ चा घ्या आणि नंतर वाढवा, आता तसं सांगत नाही, कारण २०२५ च्या शेवटापासून एआय सर्व्हरच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकलेत, आणि बऱ्याच स्लिम मॉडेलमध्ये रॅम बोर्डावर सोल्डर असते, वाढवताच येत नाही. घेतानाच १६ असलेला शोधा. एसएसडी ५१२ जीबी मिळाली तर बरं, २५६ वरही तुमचं काम अडणार नाही.

आता मुख्य प्रश्न, नवा की रिफर्बिश्ड. माझं स्पष्ट मत तुमच्या केसमध्ये रिफर्बिश्ड बिझनेस सिरीज. या बजेटमध्ये नवा १४ इंची, १६ जीबीचा लॅपटॉप शोधून मिळेलही, पण कंपनी पैसे वाचवते ती नेमकी झाकण, बिजागरी, कीबोर्ड आणि स्क्रीनमध्ये, आणि तुमची गरज त्याच गोष्टींची आहे. कंपन्यांच्या लीजवरून परत आलेले एलिटबुक ८४० जी८, लॅटिट्यूड ७४२०, थिंकपॅड टी१४ जेन २ हे इंटेलच्या ११व्या जनरेशनचे असतात आणि मुळात रोज प्रवास करणाऱ्या लोकांसाठीच बनवलेले. एलिटबुक ८४० जी८ साधारण एक किलो तीनशे ग्रॅम, बॉडी अॅल्युमिनियमची, वर रॅमचे दोन स्लॉट, मला तुमच्यासाठी हाच सगळ्यात पटतो. लॅटिट्यूड ७४२० हलका आहे पण त्याची रॅम सोल्डर, मग १६ वालाच घ्यायचा. आणि एलिटबुक बघताना एक सांभाळा, काही पीसमध्ये शुअर व्ह्यू नावाची प्रायव्हसी स्क्रीन असते, बाजूने बघितलं की अंधार, शेजारी बसलेल्याला काही दाखवायचं तर पंचाईत. साध्या स्क्रीनचा मागा.

आठव्या जनरेशनच्या खाली अजिबात जाऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनचा प्रोसेसर लागतो. सहाव्या-सातव्या जनरेशनच्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकून विकणारे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातही भेटतील आणि ऑनलाइनही, किंमत बघून मोह होतो, पण क्लायंटचे पासवर्ड आणि डीएससी ज्या मशीनवर वापरणार ते असं असू नये.

रिफर्बिश्ड घेताना घाई करू नका, अर्धा तास द्या आणि दुकानातच तपासा. कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजी अक्षरांत पॉवरसीएफजी, मग स्पेस, मग स्लॅश देऊन बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा, एक फाइल तयार होते, तिच्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे असतात, दुसरा पहिल्याच्या ८० टक्क्यांहून कमी असेल तर बॅटरी बदलून मागा किंवा किंमत उतरवा. मग लॅपटॉप रिसेट करायला लावा आणि वायफायला जोडा. सेटअपच्या वेळी कुठल्या कंपनीचं नाव येऊन ऑफिसचा लॉगिन मागितला तर तो पीस त्या कंपनीच्या सिस्टममधून काढलेलाच नाही, मुकाट्याने परत द्या, कितीही स्वस्त असला तरी. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये, जाऊन बघा पासवर्ड मागतोय का, चालू होताना एचपीला एफ१०, डेलला एफ२, थिंकपॅडला एफ१. सगळी बटणं, कॅमेरा, दोन्ही बाजूचे यूएसबी, स्क्रीन पूर्ण पांढरी करून डाग. तुमचा डीएससी टोकन सोबत न्या आणि तिथेच लावून बघा. सिरीयल नंबर टाकलेलं जीएसटी बिल घ्या, आणि तोच नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, बिझनेस मॉडेलची मूळ वॉरंटी कधीकधी शिल्लक निघते.

नवाच हवा असेल, घरच्यांना जुना पटत नसेल, तर १४ इंच, दीड किलोच्या आत, १६ जीबी, टाइप-सी चार्जिंग, बॅटरी ५० वॉट-अवरच्या आसपास एवढं धरून बघा, ब्रँड कुठलाही चालेल.

घेतल्यावर एक सेटिंग पहिल्या दिवशीच करा. झाकण बंद केल्यावर स्लीप न होता हायबरनेट होऊ दे, म्हणजे काम सेव्ह करून पूर्ण बंद, कारण स्लीपमधला लॅपटॉप बॅगेत मधेच जागा होतो, आत तापतो आणि फोर्टला पोचेपर्यंत बॅटरी अर्धी. आणि बॅगेला रेनकव्हर, लॅपटॉपला जरा जाड कडक स्लीव्ह, हे पैसे बजेटमध्येच धरा.

दुकानात एखादा पीस पसंत पडला तर मॉडेल नंबर आणि बॅटरी रिपोर्टमधले ते दोन आकडे इथे कमेंटमध्ये टाका, पैसे देण्याआधी टाका, मी बघून सांगतो.