अशिलाने गुन्हा कबूल केला तर? एका आईच्या पत्राला उत्तर

सातारा जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. त्यातला महत्त्वाचा भाग असा :

"माझी मुलगी यंदा बारावी कला शाखेत आहे. वक्तृत्वात पुढे असते, इन्स्टाग्रामवर तिच्या भाषणांचे व्हिडिओ लोक बघतात. तिला पाच वर्षांचा लॉचा कोर्स करायचा आहे. सासरे वारकरी आहेत. ते म्हणतात, वकिली म्हणजे रोज उठून खोटं बोलणं, माळ घातलेल्या घरात ते नको. यजमानांचा राग वेगळा आहे. आमचा भाऊबंदकीतला जमिनीचा दावा वर्षानुवर्षं चालला आणि आम्ही हरलो. आमचे वकील समोरच्या पार्टीला फितूर झाले, असा त्यांचा पक्का समज आहे. मुलगी मात्र मला परवा विचारत होती, 'आई, एखादा माणूस येऊन म्हणाला, मीच मारलंय, मला सोडवा, तर मी काय करायचं?' मला उत्तर सुचलं नाही. हिला या क्षेत्रात पाठवू का?"

ताई,

तुमच्या लेकीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सासऱ्यांची शंका आणि यजमानांचा राग या दोन्हींची उत्तरं त्यातूनच निघतात.

हा प्रश्न आपल्या कायद्याला जुना आहे. 1872 च्या पुरावा कायद्यात तो उदाहरणासकट लिहिलेला होता. 1 जुलै 2024 पासून त्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला आणि त्याच्या कलम 132 मध्ये ती उदाहरणं तशीच आहेत. पहिलं असं : अशील वकिलाला म्हणतो, 'मी बनावट दस्त केला आहे, माझा बचाव करा.' हे बोलणं गुप्त राहतं. ते वकिलाने कुणालाही सांगायचं नाही, कारण दोषी माणसाचा बचाव करणं हा गुन्हेगारी हेतू नव्हे, असं कायदा म्हणतो. दुसरं असं : अशील म्हणतो, 'माझ्याकडे बनावट दस्त आहे, त्याच्या जोरावर जमिनीचा ताबा मिळवायचा आहे, दावा लावा.' या बोलण्याला संरक्षण नाही, कारण इथे वकिलालाच पुढच्या गुन्ह्यात सामील करून घेतलं जात आहे.

ही दोन उदाहरणं लेकीला शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगा. दस्त दोन्हीकडे बनावटच आहे. पहिला माणूस झालेल्या गोष्टीसाठी कायद्यापुढे उभं राहायला मदत मागतो, दुसरा वकिलाला हत्यार बनवू पाहतो. वकिलीतली बहुतेक नैतिक कोडी याच फरकावर सुटतात.

मग 'मीच मारलंय' म्हणणाऱ्याचं काय? तो तिचा अशील असेल, तर तिने सरकारी पक्षाचा पुरावा कसून तपासायचा. पंचनामा नीट झाला का, साक्षीदाराला त्या अंतरावरून, त्या उजेडात दिसणं शक्य होतं का, जप्त वस्तू सीलबंद होती का, हे सगळं उलटतपासणीत विचारायचं. गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झालेला नाही, असा युक्तिवाद करायचा. यात कुठेही खोटं नाही. पण 'हा त्या रात्री गावात नव्हताच' असं सांगणारा साक्षीदार ती उभा करू शकत नाही. खोटं प्रतिज्ञापत्र करू शकत नाही, खून दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात घालू शकत नाही. वकिलांच्या वर्तनाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत दोन्ही बाजू स्पष्ट लिहिल्या आहेत. आरोपी दोषी आहे की नाही याबद्दल स्वतःचं मत काहीही असो, वकिलाने त्याचा बचाव करायचा, कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होऊ नये असं सांगणाऱ्या कायद्याशी त्याची निष्ठा असते. त्याच नियमांत हेही आहे की, वकिलाने अशिलाचा निव्वळ भोंगा व्हायचं नाही. अशील गैरमार्गाने जात असेल तर त्याला रोखायचं, आणि ऐकतच नसेल तर त्याचं काम सोडायचं. सरकारी वकिलावर तर याहून मोठं बंधन आहे. आरोपी निर्दोष असल्याचं दाखवणारी गोष्ट त्याने दडवायची नाही.

सासऱ्यांना एवढं जरूर वाचून दाखवा. रोज खोटं बोलणारे वकील असतात, हे मी नाकारत नाही. पण ते धंद्याचे नियम मोडून तसं वागतात. खोटं बोलावंच लागतं असा हा धंदा नाही.

आता एक खरा खटला सांगतो, कारण नियम कागदावर सोपे वाटतात. 26 नोव्हेंबर 2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर जिवंत पकडलेल्या अजमल कसाबचं वकीलपत्र घ्यायला वकील पुढे येत नव्हते. मार्च 2009 मध्ये विशेष न्यायालयाने अंजली वाघमारे यांची नेमणूक केली, तर त्यांच्या वरळीच्या घरावर जमाव चालून गेला. त्यांनी काम स्वीकारलं होतं, तरी पुढच्याच महिन्यात न्यायालयाने त्यांना त्यातून दूर केलं. कारण जमावाची भीती नव्हतं. त्याच खटल्यातल्या एका साक्षीदाराचं भरपाईचं प्रकरणही त्यांच्याकडे होतं. ज्याचा बचाव करायचा आणि ज्याची उलटतपासणी घ्यायची, ते दोघेही एकाच वकिलाचे अशील असू शकत नाहीत. सगळा देश ज्याला फाशी द्या म्हणत होता, त्याच्या बाबतीतही न्यायालयाने हा नियम पाळला, याचं मोल मला फार वाटतं.

त्याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद. मुंबईतल्या ठिकाणांचे नकाशे यांनी पुरवले, असा आरोप होता. असा एक नकाशा मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला, असं सरकारी पक्षाचं म्हणणं होतं. कपडे रक्ताने माखलेले आणि नकाशा मात्र स्वच्छ, हे बचाव पक्षाने दाखवून दिलं. 3 मे 2010 ला कसाब दोषी ठरला आणि हे दोघे निर्दोष सुटले. ती सुटका पुढे उच्च न्यायालयात आणि 29 ऑगस्ट 2012 ला सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. फहीमचे वकील शाहिद आझमी यांना तो निकाल ऐकायला मिळाला नाही. 11 फेब्रुवारी 2010 ला कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली.

'अतिरेक्यांचा वकील' अशी शिवी आपल्याकडे सहज दिली जाते. त्या दिवशी कुणीच वकीलपत्र घेतलं नसतं, तर ज्यांच्याविरुद्ध पुरावा नव्हता अशी दोन माणसं कसाबसोबत शिक्षेच्या रांगेत उभी राहिली असती. अमुक आरोपीचं वकीलपत्र कुणी घ्यायचं नाही, असे ठराव काही वकील संघटना करतात. ते ठराव बेकायदा आहेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच स्पष्ट केलं आहे. लेकीला विचारा, गाव विरोधात गेलं तरी उभं राहायची तयारी आहे का? वक्तृत्वाच्या बक्षिसांपेक्षा मला हे उत्तर जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता यजमानांचं दुःख. तुमच्या दाव्यात काय घडलं ते मी सांगू शकत नाही, आणि दावा हरला म्हणजे वकील फुटलाच असंही होत नाही. पण त्यांना ज्याचा संशय आहे, ते खरोखर घडलं असेल तर तो अतिशय गंभीर गैरवर्तनाचा प्रकार आहे. ज्या वकिलाने एका पक्षकाराची कैफियत लिहिली किंवा त्याला सल्ला दिला, त्याला त्याच वादात विरुद्ध बाजूने काम करता येत नाही. समोरच्या पक्षकाराला वकील असेल तर त्याच्याशी परस्पर बोलणीही करता येत नाहीत. अशिलाचे पैसे घेतले तर हिशेब ठेवावा लागतो आणि मागितला तर द्यावा लागतो. फी थकली म्हणून कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये सांगून ठेवलं आहे. तरी आपल्याकडे फाइल अडवली की पक्षकार हात जोडतो, कारण त्याला हे कुणी सांगितलेलंच नसतं.

तक्रार करायची तर ती महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे, अधिवक्ता अधिनियम 1961 च्या कलम 35 खाली. शिस्तपालन समिती ताकीद देऊ शकते, काही काळासाठी सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, निलंबित करू शकते किंवा नाव पटावरून कायमचं काढू शकते. मात्र पुरावा लागतो. आणि चुकलेला सल्ला व अप्रामाणिक सल्ला यांत फरक केला जातो. पुण्यातल्या एका वकिलाच्या प्रकरणात 1983 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच फरक केला. सद्हेतूने दिलेला सल्ला नंतर चुकीचा ठरला, एवढ्यावरून गैरवर्तन सिद्ध होत नाही. यजमानांनी शांतपणे सगळे रोजनामे, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं त्याच्या नोंदी, काढून बघावेत. रागाचं खरं कारण त्यातून सापडेल, कदाचित वेगळंच निघेल.

खुनाचा कबुलीजबाब घेऊन येणारा अशील तुमच्या लेकीला कदाचित कधीच भेटणार नाही, हेही सांगून ठेवतो. तिची परीक्षा बहुतेक साध्या गोष्टींत होईल. अशील पाच हजार हातात ठेवून म्हणेल, 'मॅडम, मागची तारीख टाकून करारनामा करून द्या.' सिनिअर म्हणतील, 'साक्षीदार आलाय, पण आज पुढची तारीखच घेऊन टाक.' अपघाताच्या भरपाईत कुणीतरी टक्केवारीवर काम घ्यायला सुचवेल. निकालाच्या यशावर किंवा मिळणाऱ्या रकमेच्या हिश्शावर फी ठरवायला आपल्याकडे मनाई आहे, तरी हे चालतं. सनद मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत खिशात पैसे नसतात आणि नेमकी तेव्हाच ही आमिषं येतात. 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरना शहरात दरमहा किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे. म्हणून तुम्हाला स्पष्ट विचारतो : पदवीनंतर निदान तीन वर्षं तिचा खर्च घरातून उचलता येईल का? नीतिमत्तेच्या प्रश्नात हे कशाला, असं वाटेल. पण ज्याच्या घरचं भाडं अडलेलं असतं त्याला 'नाही' म्हणणं जड जातं. हे कॉलेज निवडण्याआधी घरात बसून ठरवा.

दुसरी गोष्ट सिनिअरची. कॉलेज साताऱ्यातलं असो, पुण्यातलं आयएलएस असो की मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, वकिलीची सवय लागते ती सिनिअरच्या टेबलाशी. जिथे पैसे घेतल्याची पावती दिली जाते, जिथे अशिलाला 'ही केस कमजोर आहे, तडजोड करा' असं तोंडावर सांगितलं जातं, ते ऑफिस धरावं. मोठं नाव आणि मोठी गर्दी बघून जाऊ नये.

इन्स्टाग्रामबद्दल तिला आत्ताच कल्पना द्या. वकिलाला जाहिरात करायला आणि कामं मागत फिरायला मनाई आहे. 1960 च्या दशकात मुंबईतल्या एस्प्लनेड न्यायालयाच्या दारात काही वकील पक्षकारांवर अक्षरशः धावून जात, कागद ओढून घेत. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि न्यायालयाने 1975 मध्ये त्या वागण्यावर कडक शब्दांत कोरडे ओढले. आज तेच दार मोबाइलवर आलं आहे. कायद्याची माहिती लोकांना समजावून सांगणं चांगलंच आहे, तिच्या वाणीचा तिथे उपयोगही होईल. पण 'आमच्याकडे या, जामीन हमखास' अशी रील सनद असलेल्या माणसाने करायची नाही.

आता प्रवेशाचं थोडक्यात. पाच वर्षांच्या कोर्ससाठी बारावीला खुल्या गटात किमान 45 टक्के लागतात आणि राज्याच्या सीईटी कक्षाची विधी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा वेगळी. पदवीनंतर बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. नोंदणीची फी खुल्या गटाला 750 आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपयांहून जास्त घेता येत नाही, असा 2024 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. कुणी हजारो मागितले तर हा निकाल दाखवा. 'थेट न्यायाधीशच होऊ दे, वकिली नको' असं घरात कुणाच्या मनात असेल, तर 20 मे 2025 च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली आहे. मला ती अट योग्य वाटते.

माझं मत विचारलंत, तर पाठवा. जिला अठराव्या वर्षी फी किती मिळेल याआधी 'त्या माणसाचं मी काय करायचं' हा प्रश्न पडतो, तिने इथे यायला हवं.

फक्त त्याआधी एक करा. बारावीची परीक्षा संपली की आठवडाभर तिला तालुक्याच्या न्यायालयात बसू द्या. न्यायालय खुलं असतं, साधे कपडे, मोबाइल बंद, मागचा बाक, एवढं सांभाळलं की कुणी अडवत नाही. सासऱ्यांना वेळ असेल तर त्यांनाही सोबत पाठवा. फौजदारी कोर्टात एखादी उलटतपासणी पूर्ण ऐकावी. ज्याच्याकडे वकिलाला द्यायला पैसे नाहीत अशा कोठडीतल्या आरोपीसाठी विधी सेवा प्राधिकरणाने नेमलेला वकील कसा बोलतो, तेही बघावं. सीईटीचा अर्ज मात्र त्याची वाट न बघता मुदतीत भरून टाका.