रोज अर्धा तास बागेतलं तण काढलं तर तो व्यायाम धरता येईल का? मनालाही फायदा होतो का?

हो, दोन्ही होतं, फक्त हात सलग चालायला हवा. पाटावर बसून गप्पा मारत चार काड्या उपटल्या तर ते धरू नका. निरनिराळ्या कामांना किती शक्ती लागते याचे जे तक्ते आहेत त्यांत हाताने तण काढणं मध्यम श्रमात येतं, स्वस्थ बसण्याच्या साधारण साडेतीन पट. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास खुरपं चालवलं की हिशेब पुरा. मनाचं म्हणाल तर 2011 साली नेदरलँड्समधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. 30 बागकाम करणाऱ्यांना आधी ताण येईल असं काम दिलं, मग काहींनी अर्धा तास बागेत काम केलं, काहींनी घरात वाचन. कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक दोन्हीकडे उतरलं, पण बागेत जास्त. मनःस्थितीही बागवाल्यांचीच पूर्ववत झाली. (प्रयोग छोटा आहे आणि तो एकूण बागकामाचा, नुसत्या खुरपणीचा नव्हे.) लव्हाळ्याची गाठ अख्खी हाती आल्यावर जे समाधान मिळतं ते मात्र अनुभवाचं! एकच सांभाळा: गाजरगवत उघड्या हाताने उपटू नका. त्याने अंगाला खाज सुटते, पुरळ उठतं, काहींना दम्याचाही त्रास होतो. हातमोजे घाला आणि फुलावर येण्याआधीच मुळासकट काढा.