बेडकाला खारं पाणी सोसत नाही, मग तो बेटावर पोचला कसा?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: समुद्रातल्या बेटांवर बेडूक आले कुठून, आणि बीडमध्ये राहून याचा अभ्यास करण्यात काही अर्थ आहे का?

मी अंबाजोगाईला प्राणिशास्त्र शिकवतो. दुसरं आधी सांगतो, कारण ते आपल्या विहिरीतच आहे. आमच्या शेतात विहीर पाडताना काळी माती गेली, मुरूम गेला आणि खाली असा खडक लागला की सुरुंगाशिवाय काम सरकेना. हा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच सुमारास भारताच्या पश्चिम कडेचा एक तुकडा मागे राहिला आणि आपण उत्तरेला सरकत राहिलो. तो तुकडा म्हणजे हिंदी महासागरातली सेशेल्स बेटं. तिथली मुख्य बेटं ग्रॅनाइटची, म्हणजे मूळची खंडाचीच जमीन. तिथल्या सूग्लॉसिड कुळातल्या बेडकांना पोहावं लागलंच नाही, ते जमिनीसकट तिथं राहिले.

त्यांचा सगळ्यात जवळचा भाऊबंद केरळात आहे: २००३ साली जगासमोर आलेला जांभळा बेडूक. फुगलेल्या वांग्याला डुकराचं नाक चिकटवावं तसा दिसतो. वाळवी खात जमिनीखाली राहतो, पावसाच्या तोंडावर थोडे दिवस वर येतो. डीएनएवरून या दोघांची फारकत सेशेल्स सुटण्याच्याही आधीची निघते.

एवढ्यावर मी वर्गात ठणकावून सांगायचो, 'बेडूक समुद्र ओलांडत नाही.' मग मायोत बेटाबद्दल वाचलं आणि शब्द गिळले. हे बेट ज्वालामुखीचं, कुठल्याच भूमीला कधी जोडलेलं नाही. तरी तिथं बेडकाच्या दोन जाती आहेत आणि त्यांचे नातलग सुमारे ३०० किलोमीटरवरच्या मादागास्करात. पुरात उन्मळलेल्या झाडाझुडपांच्या तराफ्यावरून आले असणार.

सरड्यांचं तर लोकांनी बघितलंय. १९९५ च्या चक्रीवादळांनंतर कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटावर ओंडक्यांच्या ढिगाऱ्यासोबत किमान १५ हिरवे इग्वाना किनाऱ्याला लागले. खवल्यांच्या कातडीतून पाणी आणि मीठ सहज आत-बाहेर जात नाही, बेडकाच्या कातडीतून जातं, एवढाच काय तो फरक.

म्हणून कुठलंही बेट घ्या, पहिला प्रश्न एकच: बेट मुख्य भूमीपासून आधी सुटलं की नातलगांची फारकत आधी झाली? फारकत काढायला बेट गाठावं लागत नाही. जीनबँक या खुल्या ऑनलाइन संग्रहातले डीएनए क्रम फुकट उतरवता येतात, लॅपटॉप पुरतो. बेडूक धरायचे असतील तर मात्र आधी वनखात्याची परवानगी काढा.