धूर कमी झाला, पण कण किती घटले?

प्रश्न : मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये बसच्या जुन्या इंजिनावर बी२०, म्हणजे २० टक्के बायोडिझेल मिसळलेलं डिझेल चालवलं. स्मोक मीटरवर धूर कमी दिसला, म्हणून ‘सूक्ष्म कण घटले’ असा निष्कर्ष काढला. यातच पुढे जायचंय. पण घरचे म्हणतात, बस इलेक्ट्रिक होणार, यात काय ठेवलंय?

उत्तर : घरच्यांची काळजी रास्त आहे. तरी आधी तुझ्या निष्कर्षाबद्दल बोलते, कारण तुझी पुढची वाट मला तिथेच दिसते.

बायोडिझेलच्या वजनात सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो आणि ॲरोमॅटिक, म्हणजे काजळी वाढवणारी वलयाकार संयुगं जवळपास नसतातच, त्यामुळे काजळी कमी धरते. अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, २००२ मध्ये अवजड इंजिनांच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा बी२० मुळे कणांचं वजन सरासरी १० टक्क्यांनी घटलेलं दिसलं. नायट्रोजन ऑक्साइड मात्र २ टक्के वाढले होते.

पण स्मोक मीटर फक्त प्रकाश किती अडला ते सांगतो. कणांत काजळीशिवाय अर्धवट जळालेल्या इंधनाचा आणि ऑइलचा अंशही असतो. इंजिन गार असताना किंवा बस थांब्यावर नुसती घुरघुरत असताना बायोडिझेलने तो वाढू शकतो. म्हणजे मीटरचा आकडा खाली, पण धुरातले कण ज्यावर गोळा करून तोलतात तो फिल्टर पेपर जड, असंही घडू शकतं. डीपीएफ, म्हणजे धुरातले कण अडवणारा फिल्टर, बसवलेल्या बसमध्ये तर बाहेर पडणारे कण इतके थोडे, की इंधनातला फरक जेमतेम दिसतो. तिथे प्रश्नच वेगळा : बायोडिझेलची काजळी कमी तापमानाला जळते हे चांगलं, पण इंधनात सोडियम, पोटॅशियम उरलं तर त्याची राख फिल्टरमध्ये साचत जाते.

म्हणून माझा आग्रह आहे, मोजणी शिक. चाचणीआधी आणि नंतर ४७ मिलिमीटरचा फिल्टर पेपर मायक्रोग्रॅमपर्यंत तोलायचा, खोलीची आर्द्रता सांभाळायची, कागदावरचा स्थिर विद्युतभार काढायचा. नाहीतर आकडा फसवतो. हा हात बसला की इंधन बदललं तरी काम राहतं. इलेक्ट्रिक बसच्या टायर-ब्रेकमधूनही कण उडतात, आणि कार-व्हॅनच्या ब्रेकच्या कणांना युरोपच्या युरो ७ प्रदूषण नियमांत मर्यादा आली आहे. घरी हे नक्की सांग. एम.टेक.साठी ज्वलन किंवा एरोसोल विज्ञान, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांचा अभ्यास, बघ. संख्याशास्त्र आतापासूनच कर.

अहवाल अजून दिला नसशील तर ते वाक्य खोड, ‘धुराची अपारदर्शकता घटली’ असं लिही, आणि शेवटी पुन्हा साध्या डिझेलवर एक फेरी घेऊन इंजिन तेच आकडे देतंय का ते पाहा.