एसक्यूएल येतं, आता बिग डेटासाठी नोएसक्यूएल, म्हणजे एसक्यूएलच्या ठरीव साच्याबाहेरचे डेटाबेस, शिकायचंय. नागपुरात क्लास लावू की घरीच शिकू?

घरीच शिका, भाऊ. क्लास मीही लावला होता. कमांड पाठ झाल्या, पण डेटा मांडायचा कसा हे कळलं ते एका चुकीतून.

परसोडीच्या आयटी पार्कात लागलो तेव्हा पहिलं काम आलं ट्रकांच्या जीपीएसचं. मोंगोडीबी या नोएसक्यूएल डेटाबेसात मी प्रत्येक ट्रकचं एक डॉक्युमेंट (सगळी माहिती एकत्र ठेवणारा दस्तऐवज) केलं आणि येणारं प्रत्येक लोकेशन त्यातल्याच अ‍ॅरेत, म्हणजे यादीत, ढकलत गेलो. दिसायला झकास! पण यंत्र दर 10 सेकंदांनी लोकेशन पाठवायचं, ट्रक कळमन्याच्या बाजारात रिकामा उभा असला तरी. दिवसाला 8,640 नोंदी, एक नोंद साधारण 100 बाइटची. मोंगोत एका डॉक्युमेंटची कमाल मर्यादा 16 एमबी. करा हिशेब. विसाव्या दिवशी नव्या नोंदी घेणं बंद झालं, तेही ऐन संत्र्याच्या हंगामात.

मग गिऱ्हाईक नेमकं काय विचारतं ते कागदावर लिहून काढलं: "माझी गाडी सकाळी सहा ते आठ कुठं होती?" उत्तर तिथंच होतं. एका ट्रकच्या एका तासाचं एक डॉक्युमेंट, त्यात 360 नोंदी. एसक्यूएलमध्ये आपण आधी टेबलं नीट लावतो, प्रश्न मागून जॉइन करून, म्हणजे टेबलं जोडून, विचारतो. इथं प्रश्न आधी. कॅसँड्रा या दुसऱ्या नोएसक्यूएल डेटाबेसात तर जॉइनच नाही. दोन तऱ्हेचे प्रश्न असले की तोच डेटा दोन टेबलांत लिहायचा. नॉर्मलायझेशन (एक माहिती एकाच जागी ठेवायची शिस्त) घोटून आलेल्या माणसाला हे पाप वाटतं. मला अजूनही थोडं वाटतंच.

डेटा अनेक मशिनांवर वाटला की प्रत्येक वाटा म्हणजे शार्ड, आणि कोणती नोंद कुठं जाईल हे ठरवते ती शार्ड की. ती निवडतानाही हाच कागद समोर ठेवा. नुसती वेळ हीच की ठेवली तर सगळ्या ताज्या नोंदी एकाच शार्डवर जातात. म्हणजे बाजाराला दहा गेटं आणि सगळे ट्रक एकाच गेटावर. ट्रकच्या नंबराचं हॅश (नंबरावरून काढलेला विखुरलेला आकडा) घेतलं की गर्दी वाटली जाते.

सरावासाठी डॉकरवर (एकाच संगणकात वेगवेगळे सर्व्हर चालवायचं साधन) मोंगोचे तीन नोड, म्हणजे सर्व्हर, चालवा, त्यांचा रेप्लिका सेट (एकाच डेटाच्या प्रती ठेवणारा गट) करा, पाचदहा लाख खोट्या नोंदी भरा. मग प्रायमरी, म्हणजे नव्या नोंदी घेणारा मुख्य नोड, बंद पाडा. दहाबारा सेकंदांत उरलेल्या दोघांतला एक प्रायमरी होतो. आता तोही पाडा. तिसरा जिवंत असूनही लिहू देत नाही, कारण बहुमत उरलं नाही. हे डोळ्यांनी बघा. कॅप प्रमेयाचं (नेटवर्क तुटलं की सुसंगती आणि उपलब्धता यांतलं एकच मिळतं) व्याख्यान त्यानंतर ऐका.

पोस्टग्रेस हा एसक्यूएल डेटाबेस मात्र सोडू नका. काही लाख ओळींचं काम असेल तर त्यातलं जेसनबी (डॉक्युमेंटसारखा डेटा ठेवायचा कॉलम-प्रकार) पुरतं, उगाच क्लस्टर, म्हणजे अनेक मशिनांचा गट, उभारण्यात अर्थ नाही. क्रम विचाराल तर आधी मोंगो, दोनेक महिन्यांनी कॅसँड्रा. मेमरीत डेटा ठेवणाऱ्या रेडिसची तोंडओळख एका रविवारात होते.