बॅकअप 'फाइल वापरात आहे' म्हणून अडला तर
भावा, तुझ्या बॅकअपच्या लॉगमध्ये आलेला एरर ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोसेसने धरून ठेवली आहे. तुमच्या लातूरच्या आडतीवर ती एसक्यूएल सर्व्हरनेच (डेटाबेस चालवणाऱ्या प्रोग्रामनेच) धरली असणार. सर्व्हिस चालू असेपर्यंत एमडीएफ (डेटाची फाइल) आणि एलडीएफ (व्यवहारांच्या नोंदींची फाइल) तो सोडत नाही, सोडूही नये. सोयाबीनच्या हंगामात रात्री उशिरापर्यंत हिशोबाच्या पट्ट्या निघतात, तेव्हा बॅकअपसाठी सर्व्हिस बंद करायची सवय लावून घेऊ नकोस.

आधी कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिन म्हणून उघड आणि 'व्हीएसएसअ‍ॅडमिन लिस्ट रायटर्स' (vssadmin list writers) चालव. व्हीएसएस म्हणजे वापरात असलेल्या फाइलचीही प्रत घेऊ देणारी विंडोजची सोय, आणि रायटर म्हणजे त्या वेळी आपल्या फाइल स्थिर ठेवणारा प्रोग्रामचा भाग. एसक्यूएलसर्व्हररायटर 'स्टेबल' आणि 'नो एरर' दिसला पाहिजे. यादीत नावच नसेल तर सर्व्हिसेसमध्ये जाऊन एसक्यूएल सर्व्हर व्हीएसएस रायटर चालू कर. तरीही येत नसेल तर एखाद्या डेटाबेसच्या नावाच्या शेवटी स्पेस राहिली आहे का बघ. तेवढ्यानेही रायटर गायब होतो, आणि हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.

माझं विचारशील तर फाइल कॉपीवर विसंबूच नकोस. 'बॅकअप डेटाबेस' कमांडने चेकसमसह (डेटा बिघडलेला नाही ना, याच्या तपासणीसह) बीएके, म्हणजे बॅकअपची फाइल, काढ. रोजच्या फाइल बॅकअपमधून एमडीएफ, एलडीएफ वगळ आणि ती बीएके घे. मोफत एक्सप्रेस आवृत्तीत एजंट (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) नसतो, म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून एसक्यूएलसीएमडी (एसक्यूएलच्या कमांड चालवणारं साधन) लाव. बीएके काढणं आणि फाइल बॅकअप या दोन्ही कामांत पुरेसं अंतर ठेव, नाहीतर अर्धवट लिहिलेली बीएकेच अडकेल.

महिन्यातून एकदा ती बीएके दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून आदल्या दिवशीची पट्टी उघडते का, ते स्वतः बघ. तिथली एसक्यूएल आवृत्ती तीच किंवा नवी हवी. जुन्यावर रिस्टोर होत नाही.